नवव्या दिवशी अण्णा कुठे असतील?

पत्राचा सारांश

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांचे वडील (त्या त्यांना अण्णा म्हणतात) ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले, पाटण तालुक्यातल्या गावी मुलाकडे राहतात. उजव्या टॉन्सिलवर कॅन्सरची लहान गाठ निघाली आहे, त्याच बाजूला मानेतही एक गाठ लागते. पुण्यातल्या एका रुग्णालयात तोंडातून रोबोटने टॉन्सिलची गाठ आणि त्याच वेळी मानेतल्या गाठी काढायचं ठरलं आहे. तारीख दोन आठवड्यांवर आहे. अण्णांना १४ महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला असून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत.

सह्या घेताना सर्जन म्हणाले, "नंतर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मानेतल्या एक-दोन रक्तवाहिन्या बांधून टाकू." तेव्हापासून घरात तट पडलेत. भाऊ म्हणतो, रोबोटने रक्त जातच नाही, मग हे बिल वाढवायचे उद्योग कशाला? काका म्हणतात, गोळ्या आजच बंद करा. अण्णांना डिस्चार्ज मिळाला की थेट गावी जायचंय, लेकीच्या घरी मुक्काम त्यांना पटत नाही. आणि रक्तस्रावाचं अण्णांना कुणीच सांगितलेलं नाही, घाबरतील म्हणून. ताई विचारतात, "एवढी भीती असेल तर ऑपरेशन करावं का? आणि ऑपरेशन नीट पार पडलं, रक्त गेलं नाही, तर गावी न्यायला हरकत काय?"

उत्तर

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. ऑपरेशन नीट झालं, पहिले चार दिवस रक्ताचा थेंब दिसला नाही, म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं तुम्ही धरून चालला आहात. हर्नियाच्या किंवा अपेंडिक्सच्या ऑपरेशनात हा हिशेब बराचसा बरोबर ठरतो. घशाच्या या ऑपरेशनात तो चुकतो.

टॉन्सिलची गाठ तोंडातून काढली की तिथली जखम सहसा शिवत नाहीत. ती उघडीच ठेवतात आणि तळापासून आपली आपण भरू देतात. पहिल्या काही दिवसांत तिच्यावर पिवळट-पांढरा थर धरतो, तोंडाला वास येतो. घरचं कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारून बघतं आणि "पू झालाय" म्हणून घाबरतं. एखादा हौशी जावई कापसाने पुसायलाही जातो. तो पू नसतो. दुधावर साय धरावी तसा तो थर खालच्या कोवळ्या जागेवर बसलेला असतो आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात तो सुटू लागतो. सुटताना खालच्या एखाद्या रक्तवाहिनीचं तोंड उघडं पडलं, तर रक्त येतं. लहान वाहिनी असेल तर थुंकीत लाल रेघ दिसते, मोठी असेल तर तोंड भरून येतं.

असा कमी-अधिक रक्तस्राव शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना होतो. खरा गंभीर, म्हणजे धावपळ करून पुन्हा भूल द्यावी लागेल असा, दोन-तीन जणांना. म्हणजे शंभरातले नव्वद किंवा त्याहून अधिक लोक या वाटेने सुखरूप जातात, हे आधी नीट ऐकून घ्या. पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या बहुतेकांना तो पहिल्या दोन आठवड्यांत होतो, आणि त्यातही पुष्कळदा घरी गेल्यावर, सातव्या-आठव्या-दहाव्या दिवशी. ऑपरेशनच्या दिवशी अण्णा भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर असतील, तिसऱ्या दिवशी वॉर्डात नर्सच्या हाकेच्या अंतरावर असतील. नवव्या दिवशी कुठे असतील, हे तुम्हाला आत्ता ठरवायचंय. तुमच्या घरात सगळा वाद ऑपरेशनच्या दिवसाबद्दल चाललाय आणि या दिवसाचा विचार कुणीच केलेला नाही.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. रोबोटने रक्त जात नाही, हा समज मी फार ऐकते. रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, बसतो, डोळ्यांसमोर आतलं मोठं त्रिमितीय चित्र असतं, आणि त्याच्या बोटांच्या हालचालीप्रमाणे तोंडात गेलेली बारीक हत्यारं वळतात. पूर्वी जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमागे पोचायला ओठ चिरून जबडा कापावा लागायचा, ते यामुळे टळतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वाइनस्टीन आणि ओमॅली या सर्जनांनी ही पद्धत बसवली आणि डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने घशाच्या लहान गाठींसाठी तिला मान्यता दिली. म्हणजे अण्णांवर कुणी नवा प्रयोग करत नाहीये. पण रोबोटचा फायदा आहे तो आत पोचण्यात आणि नीट दिसण्यात. जखम भरायची ती अण्णांच्या शरीराच्याच गतीने भरणार, तिथे रोबोट आणि साधं हत्यार यांत फरक नाही.

मग रक्तवाहिन्या का बांधायच्या? टॉन्सिलला आणि जिभेच्या मुळाला रक्त मिळतं ते मानेतल्या बाहेरच्या कॅरोटिड धमनीच्या फांद्यांमधून. एक जिभेकडे जाते, एक चेहऱ्याकडे, एक घशाच्या भिंतीने वर चढते. मानेतल्या गाठी काढायला मान उघडलेलीच असते, तेव्हा यातल्या एक-दोन फांद्या त्याच बाजूला बांधता येतात, त्यासाठी वेगळी चीर लागत नाही. याने रक्तस्राव होणारच नाही का? तसं नाही. दुसऱ्या बाजूच्या वाहिन्यांमधून थोडं रक्त तिथे पोचतंच, त्यामुळे किरकोळ रक्त येण्याचं प्रमाण फारसं बदलत नाही, असं आजवरच्या अभ्यासांत दिसतं. बदलतो तो जोर. जिवावर बेतणारा रक्तस्राव बांधलेल्या रुग्णांमध्ये कमी दिसतो. मेंदूकडे जाणारी धमनी वेगळी, तिला कुणी हात लावत नाही, हेही भावाला सांगा, कारण 'मानेतली नस बांधणार' म्हटल्यावर घरच्यांच्या पोटात खड्डा पडतो तो मेंदूच्या भीतीने. अण्णांच्या गोळ्या लक्षात घेता, मी तुमच्या जागी असते तर सर्जनला "का बांधता?" असं न विचारता "कोणत्या बांधणार, आणि त्याच ऑपरेशनात की मानेचं आधी वेगळं करणार?" असं विचारलं असतं. काही सर्जन मानेचं ऑपरेशन थोडं आधी उरकून घेतात, दोन्ही पद्धती रूढ आहेत. बिलाबद्दल शंका असेल तर रास्तच आहे, पण ती बिलाच्याच प्रश्नाने सोडवा. शासकीय योजनेतून करणार असाल तर रोबोटचा खर्च त्यात धरलाय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

काकांच्या सल्ल्याला मात्र मी हात जोडून नको म्हणेन. गोळ्या आजपासून बंद करू नका. १४ महिन्यांपूर्वीचा स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यात गुठळी धरू नये म्हणून या गोळ्या आहेत. मनाने बंद केल्या आणि जाळी बंद पडली, तर घशाच्या ऑपरेशनपर्यंत पोचायच्या आधीच हृदयविकाराचा झटका येईल. उलट दोन्ही गोळ्या चालू ठेवून ऑपरेशनला गेलात, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. यातला मध्य काढायचं काम हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून करायचं असतं, घरच्या बैठकीत नाही. स्टेंटला वर्ष होऊन गेलेल्या रुग्णांत बऱ्याचदा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी ऑपरेशनच्या पाचेक दिवस आधी थांबवतात आणि अॅस्पिरिन चालू ठेवतात. अण्णांसाठी असंच ठरेल असं नाही, त्यांचा स्टेंट कुठे आहे, किती आहेत, हृदयाचं पंपिंग कसं आहे यावर ते ठरेल. हा निर्णय प्रिस्क्रिप्शनवर लिहून घ्या: कोणती गोळी, कोणत्या तारखेला शेवटची.

आणि एक ओळ अशी आहे जी बहुतेकदा कुणीच लिहून देत नाही. बंद केलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची? डिस्चार्ज कार्डावर मोघम "पूर्वीची औषधं चालू ठेवावीत" असं असतं, घरी आल्यावर मुलगा डबीतून जुन्या सगळ्या गोळ्या काढून देतो, आणि नेमक्या थर सुटायच्या दिवसांत रक्त पुन्हा पातळ होतं. तारीख मागा. सर्जनने सांगितलेली तारीख हृदयाच्या डॉक्टरांना मान्य आहे का, हेही विचारा. ज्या वाचकांच्या घरी वॉर्फरिन, रिव्हारॉक्सॅबान, एपिक्सॅबान अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनाही हेच लागू, फक्त थांबवायचे आणि सुरू करायचे दिवस वेगळे.

गोळ्यांच्या यादीत लोक ज्यांना औषध मानत नाहीत त्या गोष्टीही लिहा. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, गिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या, कुणी पाठवलेला काढा. यांतल्या काहींचा रक्त गोठण्यावर परिणाम होतो. भूलतज्ज्ञाला सांगायला लाजू नका, त्यांनी याहून चमत्कारिक याद्या ऐकलेल्या असतात.

"एवढी भीती असेल तर ऑपरेशन करावं का?" या प्रश्नाला मी सरळ हो किंवा नाही म्हणणार नाही, पण तो विचारण्याची तुमची पद्धत थोडी बदलते. तुम्ही ऑपरेशनचा धोका एका पारड्यात टाकलाय आणि दुसरं पारडं रिकामं ठेवलंय. दुसऱ्या पारड्यात रेडिएशन आहे, गरजेप्रमाणे सोबत केमो. टॉन्सिलच्या लहान गाठींना तो ऑपरेशनच्या तोडीचा उपचार आहे. त्यात जखम नसते, म्हणून हा असा रक्तस्रावही नसतो. पण लाळ आटते, दात किडतात, गिळायचा त्रास कधी कधी वर्षांनी डोकं वर काढतो. २०१९ मध्ये 'ओरेटर' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ६८ रुग्णांपैकी निम्म्यांना रेडिएशन आणि निम्म्यांवर तोंडातून रोबोटने ऑपरेशन, अशी तुलना होती. वर्षभराने गिळण्याच्या बाबतीत रेडिएशनवाले किंचित बरे होते, पण रोजच्या जेवणात मोठा फरक जाणवावा इतके नाही. आणि ऑपरेशन झालेल्या ३४ जणांपैकी एकाचा मृत्यू रक्तस्रावाने झाला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. निष्णात लोकांच्या हातूनही हे घडू शकतं, म्हणून घरी रक्त आलं तर "डॉक्टरने काहीतरी चुकवलं" या विचारात मौल्यवान मिनिटं घालवायची नाहीत, एवढ्यासाठी सांगते.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: "ऑपरेशननंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती?" मानेत एकापेक्षा जास्त गाठी निघाल्या, किंवा गाठीचं कवच फोडून कॅन्सर बाहेर आलेला असला, तर ऑपरेशन करूनही रेडिएशन घ्यावं लागतं. स्कॅनवरूनच ते जवळपास नक्की दिसत असेल, तर दोन्ही उपचार अंगावर घेण्यापेक्षा थेट रेडिएशन-केमो बरं का, हा प्रश्न रास्त आहे. तुकड्याच्या तपासणीत पी-१६ (कॅन्सर एचपीव्ही विषाणूचा आहे का, याची खूण देणारी चाचणी) केलंय का, तेही बघा. आपल्याकडे घशाचे बरेच कॅन्सर तंबाखूचे असतात, पाश्चात्त्य देशांत मात्र एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. दोहोंची चाल सारखी नसते. मोठ्या रुग्णालयांत ट्यूमर बोर्ड असतो, म्हणजे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून केस बघतात. अण्णांची केस तिथे मांडली गेली असेल आणि तिथेच ऑपरेशन ठरलं असेल, तर निव्वळ रक्तस्रावाच्या भीतीने मागे फिरू नका, असं माझं मत आहे. ती भीती तयारीने बरीच आवाक्यात येते.

तर तयारीकडे. सगळ्यात मोठी गोष्ट मुक्कामाची. पाटणकडच्या तुमच्या गावाहून पुण्याला यायला चार तास. खंबाटकीत ट्रक आडवा पडला तर किती, ते तुम्हीच सांगा. घशातल्या रक्तस्रावात माणूस दगावतो तो बहुधा रक्त संपून नाही, रक्त श्वासनळीत उतरून. तिथे चार तास नसतात. म्हणून पहिले दोन आठवडे, जमल्यास तीन, अण्णांनी पुण्यात राहायला हवं, रुग्णालयापासून अर्ध्या तासात.

लेकीच्या घरी मुक्काम नको, हा अण्णांचा संकोच मला समजतो. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरचं पाणीही न पिणारे बाप होते. त्यांच्याशी यावर वाद घालू नका, हरणार आहात. त्याऐवजी मुक्काम लेकीचा नसून रुग्णालयाचा आहे, असं होऊ द्या. सर्जनकडूनच वदवून घ्या: "अण्णा, चौदा दिवस पुणं सोडायचं नाही, मी सोडणार नाही." डॉक्टरचं म्हणणं म्हणून जे पचतं ते लेकीचं म्हणून पचत नाही. तरीही अडून बसले तर रुग्णालयाजवळ खोली बघा, नातेवाइकांसाठीच्या धर्मशाळा असतात, आणि भावाला सोबत राहायला बोलवा. तुमच्या भावाला या सगळ्यात भांडण्यापलीकडे काही काम दिलेलं दिसत नाही. रात्री अण्णांच्या खोलीत झोपायचं काम त्याला द्या.

हे काही केल्या जमलंच नाही आणि अण्णा गावी गेलेच, तर कराड तुम्हाला तासाभरावर आहे. तिथल्या मोठ्या रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ, कान-नाक-घशाचा सर्जन आणि चालू ऑपरेशन थिएटर आहे का, हे आत्ताच फोन करून विचारा. पुण्याच्या सर्जनकडून त्यांच्या नावे चिठ्ठी घेऊन ठेवा: काय ऑपरेशन झालं, कोणत्या रक्तवाहिन्या बांधल्या, कोणत्या गोळ्या चालू आहेत. त्या रात्री तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काम करायचं ते श्वासाचा मार्ग सुरक्षित करायचं. मग पुण्याला पाठवायचं की तिथेच थांबवायचं ते ठरेल. रक्त वाहत असताना, श्वासाची नळी न घालता "पुण्याला घेऊन जा" म्हणून गाडीत बसवून देणं, हे मी सगळ्यात वाईट मानते.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाहीत, पण मला पत्रातली सर्वांत खटकलेली गोष्ट वाटली, ती. अण्णांना कुणीच सांगितलेलं नाही. ताई, घशात रक्ताची चव सर्वांत आधी कुणाला कळणार? तुम्हाला नाही, सर्जनला नाही. अण्णांना. मी पाहिलेले एक निवृत्त गुरुजी दहाव्या रात्री दोनदा उठून बेसिनमध्ये रक्त थुंकले आणि नळ सोडून धुऊन टाकलं, बायकोची झोप मोडू नये म्हणून. पहाटे उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला तेव्हा घर जागं झालं. ते वाचले, पण ते पहिलं थुंकलेलं रक्त हाच खरा इशारा होता. मोठ्या रक्तस्रावाआधी पुष्कळदा असा एखादा छोटा होऊन थांबतो. तो थांबला म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसगत होते. अण्णांना काही माहीतच नसेल, तर तेही गुरुजींसारखंच करतील. एसटीत आयुष्य काढलेला माणूस आहे. इंजिनातून वेगळा आवाज आला तर गाडी बाजूला घ्यायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांना आकडे नका सांगू, भीतीची गोष्ट नका सांगू. एवढंच सांगा: "अण्णा, घशात रक्त आलं, थोडंसं जरी आलं, तरी गिळायचं नाही, धुवायचं नाही, लगेच आम्हाला उठवायचं." ते यापेक्षा जास्त विचारतील तेव्हा खरं उत्तर द्या.

आणि ते हाक कशी मारणार, याचाही विचार करा. घसा दुखत असतो, आवाज फुटत नाही, नाकात पातळ अन्न द्यायची नळी असते. उशाशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवा, वाजवला की अख्खं घर उठतं. सोबत पसरट पातेलं, टॉर्च, आणि एका पिशवीत डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी, रक्तगटाचा कागद. सर्जनच्या टीमचा रात्रीचा नंबर फ्रिजवर आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये.

रक्त आलंच, तर अण्णांना बसवा आणि पुढे वाकवा. उताणं झोपवू नका. फार थकले असतील तर कुशीवर, तोंड खाली करून. रक्त पातेल्यात थुंकू द्या, म्हणजे किती गेलं ते डॉक्टरांना दाखवता येईल. थोडंच असेल आणि ते शुद्धीवर, शांत असतील, तर बर्फाच्या पाण्याची चूळ भरून थुंकायला हरकत नाही, पण त्यासाठी निघायला उशीर करायचा नाही. हळद, तुरटी, मेडिकलमधून आणलेली रक्त थांबवायची गोळी, घशात बोट किंवा कापूस, यांतलं काहीही नको. स्टेंटवाल्या माणसाला तशी गोळी विचारल्याशिवाय दिली तर हृदयाकडून घोटाळा होऊ शकतो. खायला-प्यायला काही देऊ नका, नळीतूनही नको, कारण भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करा, दुसऱ्या फोनवरून सर्जनला. आणि वाटेत रक्त थांबलं तरी गाडी परत फिरवू नका. दाखल होऊन किमान रात्रभर नजरेखाली राहू द्या. थिएटरमध्ये नेऊन ती जागा बंद करतात, नाहीतर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून आतूनच रक्तवाहिनी बंद करायची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. तुमच्या रुग्णालयात ती रात्रीही मिळते का, हा ऑपरेशनआधी विचारण्याजोगा प्रश्न आहे. गाठ जिभेच्या मुळाशी मोठी असेल किंवा धोका जास्त वाटत असेल, तर काही सर्जन सुरुवातीलाच श्वासासाठी गळ्यात तात्पुरतं छिद्र ठेवतात. अण्णांची गाठ लहान आहे, त्यांना लागेलच असं नाही.

रोजच्या सांभाळाबद्दल थोडं. दुखण्याचं औषध वेळेवर द्या, सहन करायला लावू नका. दुखतं म्हणून माणूस गिळत नाही, पाणी कमी पडतं, घसा सुकतो. पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलेल्या गोळ्या सर्जनला विचारल्याशिवाय नकोत. कॉम्बिफ्लॅम ही 'साधी तापाची गोळी' नाही, तिच्यात आयब्युप्रोफेन असतं. ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर केला की रक्तदाब चढतो, आणि दुखण्याच्या तीव्र गोळ्यांनी पोट हमखास बांधतं. नाकातल्या नळीतून इसबगोल मात्र घालू नका, फुगून नळी तुंबते. पातळ औषध मिळतं, ते लिहून घ्या. तोंडाने घ्यायची परवानगी मिळाली की पेज, गार नाचणीचं आंबील, मऊ गुरगुट्या भात, ताक. भाकरी, चिवडा, पापड, खर्डा आणि वाफाळता चहा किमान दोन-तीन आठवडे बंद. अण्णांना यातला चहाच जड जाईल, तो कोमट करून द्या. ओझं उचलणं, वाकून काम, जोराने खाकरणं टाळायचं. दात घासायचे, पण ब्रश मागे न्यायचा नाही. तंबाखूबद्दल मी वेगळं लिहीत नाही. तुम्ही पत्रात 'आता फक्त जेवणानंतर' असं लिहिलंय, ते 'फक्त'ही ऑपरेशनआधीच सुटलं पाहिजे. जखम भरायला त्याने उशीर लागतो.

तिसरा आठवडा सरला आणि सर्जनने दुर्बिणीतून बघून जागा भरत आल्याचं सांगितलं, की अण्णांना खुशाल गावी न्या. बायोप्सीचा पूर्ण अहवालही तोवर हातात असेल आणि रेडिएशन लागणार की नाही ते कळलेलं असेल. लागलं तर पुन्हा सहाएक आठवडे पुण्यात यावं लागेल, तेव्हा मुक्कामाचा प्रश्न आत्ताच सुटलेला बरा.

उद्या सकाळी पहिला फोन हृदयरोगतज्ज्ञांना करा. त्यांची वेळ मिळायला चार दिवस जातात, आणि गोळी थांबवायची झाली तर ती ऑपरेशनच्या पाचेक दिवस आधी थांबवावी लागते. तुमच्याकडे दोनच आठवडे आहेत. सर्जनची भेट त्यानंतरची घ्या, भावाला सोबत न्या, आणि अण्णांना बाहेर बाकावर न बसवता आत घेऊन जा.